पावसाळ्यातला ताप-खोकला: मूल घरी कसं सांभाळायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

पुण्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि महिना सरायच्या आत वर्गावर्गात नाक ओढण्याचे, खोकण्याचे आवाज सुरू होतात. फ्लू हा थंडीतला आजार अशी आपली समजूत असते. युरोप-अमेरिकेत ते खरंही आहे. आपल्याकडे मात्र इन्फ्लुएंझाची मोठी लाट पावसाबरोबर येते, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. पावसात वर्गाच्या खिडक्या बंद, स्कूलव्हॅनच्या काचा बंद, रिक्षाचे पडदे खाली, त्यात मुलं दाटीवाटीनं बसलेली. मग गणपतीतली गर्दी. विषाणूला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला याहून सोयीचे दिवस नाहीत.

शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे सामान्य आहे. हे वाचून अनेक आयांना हायसं वाटेल, कारण ‘याची इम्युनिटीच कमी आहे’ हे वाक्य त्यांनी घरात-दारात खूपदा ऐकलेलं असतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. मोठ्या माणसाच्या शरीराची त्यातल्या बऱ्याच जणांशी गाठ पडून गेलेली असते, मुलाला त्यांची ओळख एकेक करून व्हायची असते. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकांच्या बाटल्यांनी यात काही फरक पडत नाही.

फ्लू म्हटलं की पुणेकरांना २००९चा ऑगस्ट आठवतोच. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी इथे घेतला, तोही एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली, रस्त्यावर सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. त्या वेळचा एच१एन१ विषाणू आता दरवर्षी फिरणाऱ्या मोसमी फ्लूमध्ये मिसळून गेला आहे. त्यामुळे चाचणीच्या कागदावर हे नाव दिसलं म्हणून धसका घ्यायचं कारण नाही आणि त्याला किरकोळही समजायचं नाही. बहुतेक मुलं घरीच बरी होतात. घरी सांभाळणाऱ्याचं खरं काम असतं लक्ष ठेवण्याचं: मूल श्वास कसं घेतंय, पाणी पितंय का, ओळख देतंय का, ताप उतरल्यावर थोडंतरी खेळतंय का. थर्मामीटरचा आकडा या सगळ्याच्या नंतर येतो.

घरी वाट बघायची नाही अशी मुलं आधी सांगते. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग तापलं असेल, थर्मामीटर १०० फॅरनहाइटच्या आसपास गेला असेल, तर बाळ हसतंय-खेळतंय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, डॉक्टरांना दाखवा. या वयात गंभीर संसर्गाची खूण कधीकधी तेवढीच असते. इतक्या लहान बाळाचं अंग थंड पडणं आणि त्यानं दूध ओढायचं सोडणं हेही तितकंच काळजीचं. दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या मुलांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

बाकीच्यांच्या तापाकडे आता वळू. मेंदूतलं एक केंद्र शरीराचं तापमान ठरवतं, गिझरचा काटा ठरवतो तसं. विषाणू आत आला की शरीर हा काटा मुद्दाम वर सरकवतं, कारण गरम शरीरात विषाणूची वाढ मंदावते. काटा वर गेला आणि अंग अजून तेवढं तापलेलं नसलं की हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. त्या वेळी मुलाला हलकं पांघरूण द्यावं. ताप चढून अंग लाल-गरम झालं की पांघरूण काढावं, सुती कपडे घालावेत, पंखा हळू लावावा. तापलेल्या मुलाला स्वेटर, कानटोपी, मोजे चढवून दारं-खिडक्या लावून घेतल्या की आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. आजीचा जीव त्यासाठी तुटतो हे कळतं, पण इथे आजीला प्रेमानं समजवावं लागतं.

साध्या विषाणूनंही १०३ ताप येतो, आणि न्यूमोनिया झालेल्या मुलाला कधी १०१च असतो. औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. १०१ ताप असलेलं मूल खेळत असेल तर औषधाची घाई नको. १००.५ला अंगदुखीनं कण्हत असेल तर द्यावं. झोपलेल्या मुलाला तापाच्या औषधासाठी उठवायची गरज नसते.

तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाजारात सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एकात ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलीमध्ये २५०. पहिल्यातलं ५ मिली या मुलाला बरोबर, दुसऱ्यातलं ५ मिली जास्त. छोट्या बाळांचे थेंब तर त्याहून तीव्र असतात. काहींच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम भरतं, म्हणजे सिरपसारखे ५ मिली थेंब पाजले तर पाचशे मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ ही आठवण उपयोगाची नाही. बाटलीवरचा आकडा वाचा, मुलाचं आजचं वजन डॉक्टरांना सांगा आणि सांगितलेली मात्रा सोबतच्या मापानं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. स्वयंपाकघरातल्या चमच्यांची मापं घराघरात वेगळी असतात.

दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यावेत, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. फ्रीजवर कागद चिकटवून वेळ लिहून ठेवा. आई ऑफिसला निघताना देते, आजी अकराला देते, बाबा दुपारी घरी आल्यावर पुन्हा देतात, असं सहज घडतं. सर्दीच्या बऱ्याच मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं. दोन बाटल्यांतून तेच औषध दुप्पट जाऊन यकृतावर येतं, तेव्हा लेबल बघाच.

औषध दिल्यावर ताप एखाद-दुसरी डिग्री उतरतो, आणि चार-पाच तासांनी पुन्हा चढतो. याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही. फ्लूचा ताप तीन ते पाच दिवस असाच चढ-उतार करतो.

इबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं मनानं देऊ नयेत, पुण्यात पावसाळ्यात तर मुळीच नाही. हाच काळ डेंग्यूचा असतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत फ्लू आणि डेंग्यू वरून सारखे दिसू शकतात. डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायचं नाही. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११पासून बंदी आहे. जुन्या डब्यात यांपैकी काही पडलं असेल तर ते काढून टाका.

पाण्याच्या पट्ट्यांविषयी थोडं. कपाळावर साध्या पाण्याची घडी ठेवल्यानं मुलाला बरं वाटत असेल तर जरूर ठेवावी. बर्फाचं किंवा फ्रीजमधलं पाणी नको, त्यानं हुडहुडी भरते आणि उलट आतलं तापमान वाढतं. जुन्या घरांमधून यूडीकोलनच्या घड्या ठेवायची पद्धत होती. त्यात अल्कोहोल असतं, ते त्वचेतून आणि वासावाटे लहान मुलाच्या शरीरात जातं, तेव्हा ती पद्धत सोडावी.

आता खोकल्याचं औषध. यावर मला कळकळीनं लिहायचं आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या भागात खोकल्याचं सिरप घेतलेल्या वीसहून जास्त मुलांचा किडनी निकामी होऊन मृत्यू झाला. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आजार होता साधा ताप-खोकला. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं औद्योगिक रसायन सापडलं: मर्यादा ०.१ टक्का, आणि तपासलेल्या नमुन्यात ४८.६ टक्के. हे रसायन औषधात शिरण्याची आपल्या देशातली ही पहिली वेळही नव्हती. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिननं चौदा रुग्ण गेले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट कळवलं की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापण्याचे आदेश निघाले होते.

भेसळ नसलेल्या सिरपनंही लहान मुलाचा सर्दीतला खोकला लवकर बरा होत नाही. मूल पेंगतं, एवढंच. खोकला त्याचं काम करत असतो, घशात उतरलेला शेंबूड वर ढकलत असतो. तो दाबण्यात फायदा नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘मुलासाठी खोकल्याचं काहीतरी द्या’ असं म्हणायचं थांबलं तर या एका गोष्टीनं मोठा फरक पडेल.

मग द्यायचं काय? मूल एक वर्षाच्या पुढचं असेल तर झोपताना अर्धा ते एक चमचा मध. रात्रीची ढास त्यानं कमी होते, आणि हे तपासून पाहिलेलं आहे. एक वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको, गुटी उगाळतानाही नको, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूच्या बीजांमुळे बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. कोमट पाणी, पातळ सूप, हळदीचं दूध यांनी घसा शेकला जातो, मुलाला आवडत असेल ते द्यावं.

चोंदलेल्या नाकासाठी सलाइनचे थेंब हा सगळ्यात निर्धोक उपाय. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे, औषध नसलेले थेंब मिळतात. दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब घालावेत, आणि मऊ कापडानं किंवा शोषून घेणाऱ्या पंपानं बाहेर आलेलं हलकेच पुसावं. लहान बाळ तोंडानं नीट श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे नाक बंद असलं की त्याला दूध ओढता येत नाही. ‘बाळ पीतच नाही’ ही तक्रार पुष्कळदा या थेंबांनी सुटते. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे औषधी थेंब बाळांना घालू नयेत. तेल तर नाकात, कानात कुठेच नको. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं.

वाफेचा आग्रह आपल्याकडे फार. गरम पाण्याचं पातेलं, वर टॉवेल, आणि खाली न थांबणारं मूल, यातून दरवर्षी मुलं भाजून दवाखान्यात येतात. वाफेनं सर्दी लवकर बरी होते असंही दिसलेलं नाही. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून मुलाला मांडीवर घेऊन थोडा वेळ बसलात तर चालेल. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवणं मात्र धोक्याचं आहे. कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी मुलाला आकडी येऊ शकते. छातीला चोळायची कापूर-मेन्थॉलची मलमं दोन वर्षांखाली वापरू नयेत. ओव्याची, शेणीची धुरी म्हणजे शेवटी धूरच, आणि सुजलेल्या श्वासनलिकांना तो आणखी त्रास देतो.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. दोन-तीन दिवस मूल कमी जेवलं तर काही बिघडत नाही. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, मुगाचं पातळ वरण, पेज, नाचणीची आंबील, जे जाईल ते, थोडं थोडं. केळं आणि दही कफ करतं म्हणून बंद करायची गरज नाही, उलट आजारी मुलाला हेच सहज गिळता येतं. अंगावरचं दूध कधीही थांबवू नये, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावं. पाण्याकडे मात्र खडा पहारा हवा. तापात आणि जोरात चाललेल्या श्वासातून शरीरातलं पाणी कमी होतं. मोजमाप सोपं आहे: बाळाचा लंगोट किंवा डायपर सहा तास कोरडा, मोठ्या मुलानं आठ तासांत लघवी केली नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, जीभ कोरडी, यातलं काही दिसलं तर दवाखाना. उलट्या-जुलाब सोबत असतील तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात.

आता श्वास मोजायचा कसा, हे प्रत्येक घरात एकाला तरी यावं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट छाती-पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर तो जलद श्वास. जागतिक आरोग्य संघटनेचे हेच आकडे आशाताई गावोगावी न्यूमोनिया ओळखायला वापरतात. तापात आणि रडताना श्वास वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तरीही जास्तच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आकड्यापेक्षा मोठी खूण डोळ्यांना दिसते. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो, गळ्याशी खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना मूल कण्हतं. घरातली मोठी माणसं ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच. ओठ किंवा जीभ निळसर वाटली, मुलाला बोलता-पिता येईनासं झालं, उठवूनही नीट उठत नसलं, तर लगेच १०८ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीनं निघा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बाळाच्या इवल्याशा बोटावर नीट बसत नाही. त्यानं ९८ दाखवलं म्हणून पोट उडताना दिसत असूनही थांबू नका.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूवर त्यांचा परिणाम राहत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ वाचवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी डॉक्टरांनी मुलाला बघायलाच हवं.

अनेक घरं फसतात ती ताप उतरल्याच्या दिवशी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ताप गेला, सगळे निर्धास्त झाले. फ्लूमध्ये त्यानंतर मूल खेळू लागतं. डेंग्यूत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो: ताप नाही, पण मूल मलूल, पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हातपाय गार, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. असं असेल तर तासभरही थांबू नका. दुसरा प्रकार असा की मूल बरं होऊन एक-दोन दिवस चांगलं गेलं आणि ताप पुन्हा उसळला, खोकला वाढला. फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया बसतो तो अशा वाटेनं. कान दुखून रात्री किंचाळत उठणं हीही त्याच काळातली गोष्ट.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. विषाणूच्या सर्दीतही रंग बदलतोच. डॉक्टरांनी ‘सध्या अँटिबायोटिक नको’ असं सांगितलं तर दुसरा दवाखाना गाठू नका, ते डॉक्टर तुमच्या मुलाचं भलंच करत असतात. फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर हे औषध आहे, पण ते सगळ्यांना लागत नाही. अगदी लहान, दमा असलेल्या किंवा त्रास वाढत चाललेल्या मुलांना डॉक्टर ते देतात, आणि आजाराच्या पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. धोक्यातल्या मुलाला लवकर दाखवा म्हणण्याचं हेही एक कारण. नेब्युलायझर घरात असला तरी त्यात काय घालायचं ते प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारूनच.

औषधाशिवाय ताप चोवीस तास आला नाही आणि मूल नेहमीसारखं वावरू लागलं की शाळेत पाठवायला हरकत नाही. तोवर नको, युनिट टेस्ट असली तरी. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि त्यासाठी शाळा बुडवावी लागत नाही. चौथा आठवडा लागला, वजन घटलं किंवा रात्रीचा घाम दिसला तर तपासून घ्यावं. घरात ऐंशीच्या घरातले आजोबा असतील तर मुलाची खोली थोडे दिवस वेगळी, खिडकी उघडी, आणि सांभाळणाऱ्यानं साबणानं हात धुणं हे सगळं आजोबांसाठी.

फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. ती सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, आणि विषाणू रूप बदलत असल्यानं दरवर्षी घ्यावी लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची न्यूमोकोकल लस मात्र २०२१पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या तारखा चुकवू नका. फ्लूच्या लसीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालचं मूल ती पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दोन्ही पुरे करायचे तर पहिल्या डोससाठी एप्रिलमध्येच दवाखान्यात जायला हवं.